बाहेरून आलेली रायफल

आमच्या कारखान्यातल्या जुन्या मंडळींनी आठवणींचं एक पुस्तक काढायचं ठरवलं आहे. कारखाना बंद होऊन वीस वर्षं होऊन गेली. सातपूरच्या त्या जागेवर आता गोदामं उभी आहेत. पण माणसं अजून एकमेकांच्या नातवंडांच्या बारशाला जातात आणि तिथे असले बेत शिजतात. गेल्या महिन्यात मला फोन आला. तुम्ही क्लबसाठी परदेशातून रायफल आणली होती, तिच्याबद्दल चार ओळी लिहून द्या, असं म्हणाले. मी बरं म्हटलं. इतकी वर्षं ह्या वाक्याला मी बरंच म्हणत आलो आहे.

रायफल मी आणली नव्हती. तिच्यातलं लोखंड परदेशातलं होतं हे खरं, पण ज्या लाकडावरून लोकांनी हात फिरवला, ज्याचं कौतुक केलं, ते परदेशातलं नव्हतं. ती दगाअण्णांनी केली. हे चार ओळींत सांगता येत नाही. शिवाय चार ओळींत सांगितलं तर अण्णा त्यात मावणार नाहीत.

दगाजी सूर्यवंशी आमच्या टूलरूममध्ये फिटर होते. गाव सटाण्याजवळचं, राहायला सातपूर कॉलनीत दोन खोल्या. मी स्टोअरमध्ये. ते खिडकीशी येऊन कानस मागायचे आणि मी द्यायचो, एवढीच सुरुवातीची ओळख. बुटके, रुंद खांद्यांचे, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. खिशात काडेपेटी असे, पण तिच्यात काड्यांऐवजी खडूचे तुकडे. कोणी विडी पेटवायला काडी मागितली की ते मोठ्या गांभीर्याने पेटी पुढे करत आणि मागणाऱ्याचं तोंड बघत राहत. हा विनोद त्यांनी एकाच माणसावर दहा-दहा वेळा केला आणि दर वेळी त्यांना तो नवा वाटला.

नावाचा किस्सा ते स्वतःच सांगत. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, दगा हे काय नाव झालं? अण्णा म्हणाले, "माझ्या आधीची दोन भावंडं गेली साहेब. मी राहिलो. यमाला दगा दिला म्हणून आईने दगा नाव ठेवलं. तो एकच दिला, पुन्हा कोणाला नाय दिला." साहेब हसले आणि नोकरी लागली. टूलरूममध्ये नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हा किस्सा ऐकावा लागे. पुढेपुढे तो सुरू झाला की मी खिडकी लावून घेऊ लागलो.

इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. टूलरूममध्ये केसाहून बारीक माप सांभाळणारे अण्णा बाकीचं सगळं जग मात्र सुताने मोजत. कँटीनचा चहा दोन सूत कमी भरलेला असे. नव्या मॅनेजरांचा स्वभाव चांगला होता, फक्त एक सूत वाकडा. मी क्लबचा सेक्रेटरी झालो तेव्हा माझंही माप निघालं. "सेक्रेटरी सरळ माणूस हाय," ते कोणाला तरी म्हणाले, "एखादं सूत इकडंतिकडं." तेव्हापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी सेक्रेटरीच.

आणखी एक सवय. माणसांशी ते नाशिकची मराठी बोलत, लोखंडाशी मात्र अहिराणी. एखादा भाग खाचेत बसत नसला की त्याच्यावर वाकून हळूच म्हणत, "बठ ना राजा, बठ." आणि तो बसला की मान मागे घेऊन, "आते कसा बठना!" आम्हा कोणाशी त्यांनी त्या आवाजात कधी बोलल्याचं मला आठवत नाही. टूलरूममधली मंडळी म्हणायची, अण्णांनी आपल्याशी अहिराणीत बोलावं असं वाटत असेल तर आधी लोखंड व्हायला पाहिजे.

आमच्या रिक्रिएशन क्लबात कॅरम होता, टेबल टेनिस होतं, आणि कँटीनमागच्या जुन्या पॅकिंग शेडमध्ये दहा मीटरवर नेमबाजी होती. रायफल हवेवर चालणारी, बारीक छर्रे मारणारी, जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीची थोरली बहीण म्हणावी अशी. तिला परवाना लागत नसे. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे अशा दोन जुन्या रायफली होत्या आणि त्यांची डागडुजी अण्णांकडे होती. जेवणाच्या सुट्टीत ते शेडमध्ये येत, लाकडी खोक्यावर बसत आणि सगळ्यांचा नेम बघत. स्वतः मात्र कधी रायफल उचलत नसत.

का उचलत नाहीत, ते एका दसऱ्याला कळलं. सगळ्यांनी आग्रह करून त्यांच्या हातात रायफल दिली. अण्णांनी ती खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि डोळा मिटायला गेले तर दोन्ही डोळे मिटले. त्यांना एक डोळा मिटताच येत नव्हता. एक मिटला की दुसरा त्याच्या सोबतीला जाई. कोणी सांगितलं दोन्ही उघडे ठेवा, तर म्हणाले मग दोन टार्गेट दिसतात, कोणतं खरं? शेवटी दोन्ही डोळे गच्च मिटून त्यांनी चाप ओढला. छर्रा टार्गेटच्या दीड हात वर, भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेला लागला. घड्याळ बंद पडलं. एक वाजून वीस मिनिटं. ते आम्ही मुद्दाम तसंच ठेवलं, आणि जेवणाची सुट्टी संपल्यावर टूलरूमवाले बिनदिक्कत सांगत, अण्णांच्या घड्याळात अजून सुट्टी आहे.

आमच्या क्लबात खऱ्या अर्थाने नेमबाज एकच होती. मीना खैरनार, टाइम ऑफिसमधली. पाच फुटांची, किरकोळ, पण रायफल हातात आली की भिंतीसारखी स्थिर. राज्य स्पर्धेच्या निवडीला ती पुण्याला गेली तेव्हा कोणाची तरी उसनी परदेशी रायफल घेऊन खेळली आणि जेमतेम निवडली गेली. परत आली ती मान चोळत. आम्ही सगळे गुण विचारत होतो. अण्णांनी विचारलं, "ताई, गालाखाली जागा राहते का?"

ती म्हणाली, राहते, मान ताणावी लागते. अण्णा खडू काढून खोक्यावर काहीतरी मापं लिहीत बसले.

मीनाला स्पर्धेच्या तोडीची रायफल हवी होती, ह्यावर क्लबात दुमत नव्हतं. मॅनेजमेंटने मंजुरीही दिली होती. दुमत होतं ते पुढचं. पुण्याच्या एका दुकानदाराकडे दोन वाटा होत्या. एक, परदेशी कंपनीची पूर्ण तयार रायफल मागवायची. दोन, त्याच कंपनीचा सुटा संच घ्यायचा. नळी, चाप, स्प्रिंग, नेम धरायची माशी, सगळं त्यात, फक्त खांद्याला लावायचा लाकडी दस्ता नाही. तो आपला आपण करून जोडणी करायची. दुकानदार त्याला किट म्हणायचा.

मी तयार रायफलीच्या बाजूचा होतो. तेव्हा मी कारणं सांगितली ती अशी: भरवशाची वस्तू, कंपनीची हमी, उगाच घरगुती खटाटोप नको. न सांगितलेलं कारण असं की परदेशी कंपनीशी पत्रव्यवहार माझ्या सहीने होणार होता. मी आयुष्यात स्टोअरच्या पावत्यांवर सोडून कुठे सही केली नव्हती. त्या पत्राचा मसुदा मी मीटिंगआधीच टाइप करून ठेवला होता.

नोटीसही मीच लावली. घाईत लिहिलं, "रायफल कीट: खरेदी की बांधणी? सर्वांनी उपस्थित राहावे." कीट दीर्घ. अकाउंट्समधले निकम कमिटीवर होते. त्यांची वणीकडे द्राक्षबाग, आणि त्यांना जगात कीड सोडून दुसरं काही दिसत नसे. ते मीटिंगला औषधांची पत्रकं घेऊनच आले. रायफलीच्या दस्त्याला भुंगा लागला असावा अशी त्यांची समजूत होती.

त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर मी माझं म्हणणं मांडलं. मग अण्णा उठले. ते कमिटीवर नव्हते, त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. हातात टोपी धरून उभे राहिले.

"माझा बाप बैलांचं जू करायचा," ते म्हणाले. "तयार जू बाजारात मिळायचं, नाय असं नाय. पण बाप आधी बैलाच्या मानेवरून हात फिरवायचा. दोघांच्या. एक उंच असतो, एक ठेंगणा. कोणाची मान डावीकडं भरलेली, कोणाची उजवीकडं. मग लाकडाला हात लावायचा. तयार जू घातलं की आठ दिवसात मानेला घाव. ही तुमची रायफल सहा फुटी साहेबाच्या मापाची. ताई पाच फूट. दस्त्याचं काय जाणार? मान हिची जाईल."

मीना म्हणाली, "अण्णा, मला बैल म्हणताय का?"

"बैलाला मान तरी असते ताई," अण्णा म्हणाले. "कमिटीला हाय का ते बघायचंय."

सगळे हसले, मीही हसलो, पण मतं समसमान पडली. राहिले निकम. त्यांनी पत्रकांची घडी घातली आणि म्हणाले, कीट आहे, माशी पण आहे, फवारणीला मी आहेच, माझं मत अण्णांना. माझा टाइप केलेला मसुदा फायलीत राहिला.

खोकं आलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. अण्णांनी ते उघडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी टूलरूममधल्या हत्यारांच्या पूजेत ते मध्ये ठेवलं, त्याला झेंडूची माळ घातली, आणि मगच दोरी कापली. तेलकट कागदात गुंडाळलेला एकेक भाग त्यांनी पुसून धोतराच्या फडक्यावर मांडला. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांशी अहिराणीत बोलत होते. सगळ्यांशी म्हणजे नळीशी, चापाशी आणि स्प्रिंगशी.

लाकूड त्यांनी गावाहून आणलं. वडिलांनी शेवटचं जू करायला म्हणून शिवणीचा एक ओंडका फोडून माळ्यावर वाळत ठेवला होता आणि ते जू करायच्या आधीच वडील गेले. पंधरा वर्षं ते लाकूड माळ्यावर होतं. बैल विकले गेले, ट्रॅक्टर आला, पण लाकडाला कोणी हात लावला नव्हता. अण्णा ते गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने मांडीवर घेऊन आले. मी म्हटलं, टपावर टाकायचं. ते म्हणाले, "बाप टपावर टाकत नाय कोणी."

दस्ता त्यांनी घरी केला, रविवारी आणि संध्याकाळी. मीनाचा गाल नेमका कुठे टेकतो हे त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी काय केलं तर कस्तुरावहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, परातीतली मळलेली कणीक उचलली. दस्त्याच्या कच्च्या लाकडावर तिचा गोळा थापला आणि मीनाला सांगितलं, डोळे मिटून खांद्याला लाव, गाल टेकव, आणि देवाचं नाव घेईस्तोवर हलू नको. मी तिथे होतो. मीनाच्या गालाचा छाप कणकेत उमटला, एक तीळसुद्धा उमटला. कस्तुरावहिनी दारात लाटणं घेऊन उभ्या.

"आता पोळ्या कशाच्या करू?" त्यांनी विचारलं.

"आज भात कर," अण्णा म्हणाले, छापावरून नजर न काढता.

"कालपण भातच होता. काल हात मापला, आज गाल. उद्या काय मापणार आहे हा माणूस?"

असे पाच रविवार झाले. कणीक वाळली की छाप आक्रसतो म्हणून दर वेळी नवी. मीना म्हणायची, काकूंच्या घरी मी कधी पोळी खाल्ली नाही, नुसती गालाला लावली. वहिनी कुरकुर करत, पण सहाव्या रविवारी मी बघितलं, त्यांनी घरातल्यांची कणीक वेगळी काढून अण्णांसाठी एक गोळा आधीच मळून ठेवला होता. ओल्या फडक्याखाली झाकून.

दस्ता झाला तेव्हा सगळी टूलरूम बघायला आली. शिवणीचं पिवळसर लाकूड, त्यावर जवसाच्या तेलाचा हात. मीनाने रायफल खांद्याला लावली. गाल टेकवून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अण्णा, रायफल आहे की नाही तेच कळत नाही."

अण्णा म्हणाले, "मग झालं."

आता माझी गोष्ट येते.

टूलरूममध्ये रिवाज होता, प्रत्येक फिटर आपण केलेल्या हत्यारावर आपला नंबर ठोकत असे. अण्णांचा नंबर सत्तेचाळीस. त्याच्याशिवाय काम त्यांच्या हातून सुटतच नसे. बिनठशाचं काम म्हणजे बेवारस, असं ते म्हणत. पुण्याला निघायच्या चार दिवस आधी ते स्टोअरच्या खिडकीशी आले. नंबर ठोकायचा पंच आणि हातोडी बरोबर होती. ठसा चापाच्या वर मारू की बाजूला, एवढंच विचारायला आले होते.

मी म्हणालो, मारू नका.

कारण सांगितलं की स्पर्धेत रायफलीची तपासणी असते, घरी केलेली दिसली तर हरकत घेतील, मीनाचं नुकसान होईल. तसा काही नियम आहे का, हे मी पाहिलं नव्हतं. नंतर पाहिला. वजन, लांबी, चापाचा ताण, एवढंच ते बघतात. दस्ता कोणी केला ह्याच्याशी त्यांना घेणं नव्हतं.

अण्णा म्हणाले, "मागच्या पट्टीखाली मारतो. खांद्याला लागते ती रबराची पट्टी, तिच्या आत. कोणाला दिसायचा नाय."

"कोणी उघडून बघितलं तर? नकोच."

त्यांनी पंच खिशात टाकला. "बरं. तुम्ही म्हणाल तव्हा."

पुण्याला आम्ही तिघं गेलो. तपासणीच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ होते, पांढऱ्या मिशांचे, बहुधा सैन्यातले. त्यांनी वजन केलं, मापं घेतली, फॉर्म बघितला. फॉर्ममध्ये 'बनावट' ह्या रकान्यात मी परदेशी कंपनीचं नाव लिहिलं होतं. मग त्यांनी रायफल पुन्हा उचलली आणि दस्त्यावरून हात फिरवला. गाल टेकतो तिथे अंगठा नेला, पुन्हा नेला. मान वर करून मला विचारलं, हे काम कोणाचं आहे?

चौकशी नव्हती ती. कौतुक होतं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. अण्णा माझ्या उजव्या हाताला, एक पाऊल मागे उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हणालो, "बाहेरून आलंय."

ते म्हणाले, वाटलंच. आणि शिक्का मारला.

भीतीने बोललो असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. भीती होतीच. पण फॉर्मवर सही माझी होती, आणि मीटिंगमध्ये हरलेला मी होतो, हेही तितकंच खरं आहे. एक शब्द बोलायचा होता आणि माणूस हाताच्या अंतरावर होता.

टेबलापासून दूर आल्यावर मीना माझ्याकडे बघत होती. अण्णांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "सेक्रेटरी खोटं नाय बोलले," ते म्हणाले. "बाहेरूनच आलंय. सटाण्याहून." आणि स्वतःच इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मीनाला रौप्यपदक मिळालं. शेवटच्या दहा छर्‍यांना अण्णा प्रेक्षकांत बसले होते, दोन्ही डोळे गच्च मिटून. मी विचारलं, बघत का नाही? म्हणाले, "मी पण नेम धरतोय." परतीच्या गाडीत त्यांनी अख्ख्या डब्याला पदक दाखवलं, तिकीट तपासनिसालाही. तो तिकीट विचारत होता, हे पदक पुढे करत होते. काडेपेटीतल्या खडूइतकाच हाही विनोद त्यांना आवडला.

महिनाभरात कारखान्यात समारंभ झाला. मीनाचा सत्कार झाला, आणि मग मॅनेजर म्हणाले, परदेशातून ही अद्ययावत रायफल मिळवण्यासाठी आमच्या सेक्रेटरींनी घेतलेले परिश्रम. शाल आली, नारळ आला. मीना स्टेजवरून माझ्याकडे बघत राहिली. मी उठलो, शाल घेतली, दोन शब्द बोललो. कर्मचाऱ्यांच्या परिश्रमांचा उल्लेख केला. कर्मचाऱ्यांच्या, असं मोघम. अण्णा तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होते. त्यांच्या शेजारी कस्तुरावहिनी होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. पुढे स्मरणिका निघाली, तिच्यात माझा शालीसकट फोटो आला.

अण्णा मला ह्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. खिडकीशी येत, कानस मागत, काडेपेटी पुढे करत. मी मनाशी एक हिशेब मांडला होता. मी नको म्हटलं तरी त्यांनी पट्टीखाली ठसा मारलाच असणार. कोण नाही मारणार? आपलं काम आहे, आतून आहे, कोणाला दिसत नाही. तो सत्तेचाळीस तिथे आहे, एवढ्या भरवशावर मी माझ्या अंगावर शाल राहू दिली.

कारखाना बंद पडला तेव्हा क्लबची रायफल मीनाच्या नावे झाली. अण्णा गावी गेले. मीना तोवर शाळेतल्या मुलींना नेमबाजी शिकवू लागली होती. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला ती एकदा घरी आली आणि म्हणाली, रायफल गालाला लागत नाही. दोन दाढा काढल्या होत्या आणि वजनही वाढलं होतं. "दस्ता तोच आहे काका, गाल बदलला. अण्णांकडे जाऊ या."

एप्रिल होता. देवळ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांदा काढणं चाललं होतं. अण्णा घरापुढे कांद्याच्या चाळीच्या बांबूंना तार आवळत होते. आम्हाला बघून त्यांनी पकड खिशात घातली आणि आधी मीनाचा गाल बघितला. "तीन सूत वाढलाय," म्हणाले.

कस्तुरावहिनींनी पाणी दिलं, चहा दिला. मला कप देताना म्हणाल्या, "त्या समारंभाला मी नवं लुगडं नेसून आले होते." एवढंच. आणि आत गेल्या. 

अण्णांनी रायफल मांडीवर घेतली. काम करायच्या आधी ते मागची पट्टी सोडवत. दोन स्क्रू निघाले. मी पुढे सरकून बघितलं.

तिथे काही नव्हतं. शिवणीच्या लाकडात अंगठ्याच्या नखाएवढी जागा घासून, तेल लावून गुळगुळीत केलेली होती. बाकी सगळीकडे कानशीचे ओरखडे, आणि मध्ये ती जागा. रिकामी.

मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही ठसा मारला नाही?"

"तुम्ही नको म्हटलं होतं ना."

"पण आतून कोणाला दिसणार होता?"

"मला ठाऊक राहिलं असतं की." त्यांनी जागेवरची धूळ अंगठ्याने पुसली. "जागा ठेवली होती. तुम्ही म्हणाल तव्हा मारायचा, असं ठरलं होतं."

मी त्यांची क्षमा मागायला लागलो.  तपासणीचं, शालीचं, फोटोचं, सगळं एकदम बाहेर पडायला लागलं. मीना उठून अंगणात गेली. अण्णा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष त्या जागेवर होतं. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मग आता मारू का?"

"मारा," मी म्हणालो.

पण पंच नव्हता. नोकरी सोडताना हत्यारं जमा करावी लागली, त्यात सत्तेचाळीसही गेला. अण्णांनी थोडा विचार केला. कंपनी राहिली नाही तर तिचा नंबर कशाला, म्हणाले. लाकूड बापाचं, खूण बापाची टाकू. त्यांचे वडील प्रत्येक जुवावर तापवलेल्या खिळ्याने दोन ठिपके आणि मध्ये एक रेघ उमटवत. दोन बैल आणि जू. वहिनींनी गॅसवर खिळा तापवून आणला, सांडशीत धरून. अण्णांनी दोन ठिपके टाकले. लाकडाचा जळका वास सुटला. मग सांडशी माझ्याकडे केली.

"रेघ तुम्ही मारा. नको म्हणणारे तुम्हीच होता."

 रेघ वाकडी गेली, एका ठिपक्याच्या वरून सुरू होऊन दुसऱ्याच्या खाली संपली. वहिनी वाकून बघत होत्या. त्यांना आधी हसू आवरेना, मग त्यांनी आवरलंच नाही. "आता बैल विहिरीत जातील," त्या म्हणाल्या. मीना धावत आली आणि तीही हसायला लागली.

अण्णांनी चष्मा वर करून रेघ तपासली. "एक सूत वाकडी," ते म्हणाले. मग त्यांनी पट्टी जागेवर ठेवली, ती दाबली, आणि माझ्या खांद्यावर तोच हात ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाले, "आते बठना."

पट्टीकडे बघून म्हणाले की मला, मी विचारलं नाही.

त्या दिवशी कस्तुरावहिनींच्या हातच्या पोळ्या मीनाने पहिल्यांदा खाल्ल्या. एक गोळा मात्र आधी गालासाठी गेला.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीनाच्या विद्यार्थिनी त्या रायफलीवर शिकतात. पट्टी काढून आत बघायचं कोणाला कारण पडत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं. पुस्तकवाल्यांनी ह्यातल्या कोणत्या चार ओळी घ्यायच्या त्या घ्याव्यात. स्मरणिकेतला माझा फोटो मात्र घेऊ नये.

त्या संध्याकाळी अण्णा आम्हाला सटाण्याच्या स्टँडवर सोडायला आले होते. गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून मागे बघितलं. फलाटावर, कांद्याच्या गोणींच्या मध्ये, ते छत्री खांद्याला लावून उभे होते. गाल दांडीवर टेकवलेला, नेम माझ्या खिडकीवर, आणि दोन्ही डोळे गच्च मिटलेले. गाडी वळेपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत.